‘सहा महिन्यांत आपोआप उतरतं’ म्हणणाऱ्यांना: सोळाव्या वर्षी व्हीगन होणं आणि ते टिकवणं

मूठभर_तीळ
परवा इथे कुणीतरी लिहिलं: ‘पंधरा-सोळा वर्षांची मुलं व्हीगन होतात ती वयाची लहर. वाद घालू नका, वेगळं काही रांधू नका, सहा महिन्यांत आपोआप उतरतं.’ खाली सहमतीची रांग लागली. त्याला एका ओळीत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा.

‘आपोआप उतरतं’ याचा अर्थ घरात कुणी सांगत नाही. मूल ताटातून दूध, अंडी, मांस काढतं आणि त्या जागी काहीच येत नाही. मग उरलेल्या भातभाजीवर दिवस काढायचा, संध्याकाळी हातपाय गळतात, आणि ‘बघ, जमत नाही ना’ हे ऐकायला घर तयारच असतं. अमेरिकेत २०१४ साली फॉनॅलिटिक्स या संशोधन संस्थेने मोठ्या माणसांची पाहणी केली, त्यात शाकाहारी वा व्हीगन झालेल्यांपैकी ८४ टक्के परत फिरले होते. परतलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश पहिल्या तीन महिन्यांतच. निश्चय इतक्या लवकर मोडत नाही, मोडते ती व्यवस्था.

आकडेच बघा. पेलाभर (२४० मिली) दुधात साधारण १५० कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं. त्याऐवजी बिनसाखरेचं बदाम दूध घेतलं तर ३०-४० कॅलरी आणि प्रथिन जेमतेम १ ग्रॅम. रंग पांढरा, म्हणून ‘दूध बदललं’ असं समाधान. सोया दुधात प्रथिन ७ ग्रॅमच्या आसपास असतं, वाढीच्या वयात तेच घ्यावं. १४ ते १८ वयाला किलोमागे ०.८५ ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे ५५ किलोच्या मुलीला सुमारे ४७ ग्रॅम. एक कप शिजलेलं कडधान्य १५, दोन पेले सोया दूध १४, दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं बटर ७. इथेच ३६ झाले, उरलेलं धान्यातून आणि सुक्या मेव्यातून सहज भरतं. कडधान्य मात्र रोज हवंच, कारण धान्यात लायसिन (प्रथिनाचा एक आवश्यक घटक) कमी असतं आणि कडधान्यात भरपूर.

आणखी एक चूक हमखास होते. उत्साहात सगळं ताट कोशिंबीर आणि पालेभाज्यांनी भरायचं. चोथ्याने पोट आधी भरतं, कॅलरी मागे राहतात. वाढत्या मुलाच्या प्रत्येक जेवणात तीळ, दाणे, तेल, अ‍ॅव्होकॅडो यांपैकी काहीतरी हवं. कडधान्य पहिल्या आठवड्यात पाव कपापासून वाढवा, नाहीतर पोटफुगीनेच प्रयोग संपतो.

चौकट
एवढं मोजमाप करावं लागतं, यातच उत्तर आलं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अ‍ॅकॅडमीने २०१६ मध्ये व्हीगन आहाराला ‘आयुष्याच्या सर्व टप्प्यांना योग्य’ म्हटलं होतं. २०२५ च्या भूमिकेत फक्त प्रौढ उरले. जर्मनीच्या पोषण संस्थेने २०१६ मध्येच मुलं आणि किशोरांसाठी शिफारस करत नाही म्हणून सांगितलं. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात (२०२०) मांसाहारींच्या तुलनेत व्हीगनांमध्ये हाडं मोडण्याचा धोका ४३ टक्के जास्त. हाडांचा बहुतेक साठा विशीपर्यंत तयार होतो. मुलांच्या हाडांवर तत्त्वं तपासू नका.

मूठभर_तीळ
अर्धंच सांगितलंत. २०२५ मध्ये लेखाचा आवाका प्रौढांपुरता ठेवला, किशोरांविरुद्ध निकाल दिलेला नाही. जर्मन संस्थेने २०२४ मध्ये भूमिका बदलली, आता किशोरांसाठी बाजूनेही नाही आणि विरोधातही नाही. एपिकमधली माणसं प्रौढ होती. त्यांचं कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिन यांनी फरकाचा काही भाग समजतो.

‘काही भाग’ म्हणतेय, सगळा नाही. ते हिशेबात धरूनही फरक उरला होता, हे मान्य. म्हणूनच कॅल्शियमवर अडून बसते. ९ ते १८ वयाला दिवसाला १३०० मिलिग्रॅम. पालकाच्या पानांत कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेटमुळे (कॅल्शियम धरून ठेवणारा पानातला घटक) जेमतेम ५ टक्के अंगी लागतं, दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. केल आणि बोक चॉय या पालेभाज्यांत ऑक्झलेट कमी, त्यांचं दुधाहून चांगलं शोषलं जातं. टोफू (सोयाचं पनीर) घेताना घटक वाचा. ‘कॅल्शियम सल्फेट’ घालून घट्ट केलेला हवा, नुसतं मॅग्नेशियम क्लोराइड घातलेल्यात कॅल्शियम खूप कमी. कॅल्शियम घातलेल्या सोया दुधाची बाटली दर वेळी जोरात हलवायची, ते तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर महिनाभर नुसतं पाणीदार दूध पोटात जातं आणि कॅल्शियम बाटलीसोबत कचऱ्यात.

निळीशाई
ज्या आहाराला बी१२ जीवनसत्त्वाच्या गोळ्या लागतात तो आहार नैसर्गिक कसा? स्पिरुलिना (शैवालाची पूड) घ्या, बी१२ मिळतं. सेंद्रिय भाज्या फार घासूनपुसून धुवू नका. कारखान्यातली गोळी मुलांच्या हातात देण्यापेक्षा हे बरं.

तळटीप
हे वाचून कुणाचं तरी मूल गोळी सोडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

स्पिरुलिनात मुख्यतः स्यूडोकोबालामिन, म्हणजे बी१२ सारखं दिसणारं द्रव्य असतं. जिवाणू वापरून केलेल्या चाचणीत तेही बी१२ म्हणून मोजलं जातं, म्हणून डब्यावर मोठा आकडा दिसतो. माणसाच्या शरीरात ते काम करत नाही. नेदरलँड्समध्ये शैवाल खाणाऱ्या मुलांवरचा १९९१ चा अभ्यास आहे: रक्तातला बी१२ चा आकडा वाढला, पण रक्तपेशींची अवस्था सुधारली नाही. न धुतलेल्या भाजीवर बी१२ चा भरवसा नाही, जंतांचा मात्र आहे.

मात्रा: १४ वर्षांपुढे गरज रोज २.४ मायक्रोग्रॅम, पण गोळी तेवढीच घेऊन चालत नाही. जठरातल्या इंट्रिन्सिक फॅक्टरची (बी१२ शोषायला मदत करणारं प्रथिन) वाट एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमला भरून जाते, त्यापुढच्यातलं सुमारे १ टक्काच झिरपतं. म्हणून ब्रिटनमधली व्हीगन सोसायटी रोज किमान १० किंवा आठवड्यातून किमान २००० मायक्रोग्रॅम सांगते. विसराळू मुलांना आठवड्याची सोपी जाते, वार ठरवून टाका.

निळीशाई
आणि गोळीत बी१२ ज्या रूपात असतं त्या सायनोकोबालामिनमधलं सायनाइड? ते मुलांना चालतं? निदान मिथाइलकोबालामिन हे दुसरं रूप तरी सांगा.

तळटीप
रेणूचं वजन १३५५, त्यात सायनाइड २६, म्हणजे २ टक्क्यांहून कमी. १० मायक्रोग्रॅमच्या गोळीत ०.२ मायक्रोग्रॅम. जवसाच्या एका चमच्यात याच्या कित्येक पट सायनाइड तयार होऊ शकतं, आणि निरोगी शरीर त्यालाही सहज निरुपद्रवी करून टाकतं. मिथाइल प्रकाशात लवकर बिघडतं. मुलांसाठी टिकाऊ आणि सर्वाधिक तपासलेलं ते सायनोच.

वजनकाटा
तळटीप यांना +१, पण एक धोका राहिला. शरीरात, मुख्यतः यकृतात, बी१२ चा २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे ‘वर्षभर काही झालं नाही’ हा पुरावा होत नाही. ज्या मुलाच्या आहारात आधीपासून दूध-अंडी जेमतेम होती त्याचा साठा मुळात लहान. शिवाय व्हीगन ताटात फोलेट (बी गटातलं आणखी एक जीवनसत्त्व) भरपूर, ते रक्तक्षय झाकतं आणि मज्जातंतूंची हानी चालू राहते. मुंग्या येणं, तोल जाणं इथपर्यंत थांबू नका. सीमेवरचा अहवाल आला तर बी१२ ची कमतरता दाखवणारं मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड तपासून घ्या. आणि मौजेसाठी लाफिंग गॅस ओढणाऱ्या मुलांना कुणीतरी सांगा की तो बी१२ निकामी करतो, साठा कमी असेल तर महिन्याभरात पाय लुळे पडू शकतात.

शुद्धपक्ष
सगळे बी१२ वर तुटून पडलेत. ड जीवनसत्त्वाच्या डी३ या प्रकाराबद्दल कोण बोलणार? बहुतेक डी३ मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून होतं. ते घेणारा व्हीगन नाही.

मूठभर_तीळ
लायकेनपासूनचं (दगडफुलासारखी वनस्पती) डी३ मिळतं, डी२ सुद्धा चालतं. पण सोळा वर्षांच्या मुलाला ‘तू व्हीगन नाहीस’ म्हणणं हे मला चौकट यांच्या विरोधापेक्षा जास्त घातक वाटतं. पहिल्या वर्षात एखाद्या बिस्किटातली दूध पावडर नजरेतून सुटली की मुलं सगळंच सोडून देतात, कारण कुणीतरी त्यांना ‘सगळं किंवा काहीच नाही’ शिकवलेलं असतं.

शुद्धपक्ष
शब्दाला अर्थ असतो. १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि सोबत्यांनी तो काही कारणाने घडवला.

वजनकाटा
वॉटसन यांच्याच व्हीगन सोसायटीच्या व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ असं आहे. पुढे चला.

मला खरी काळजी वेगळी आहे. खाण्याचा आजार व्हीगन शब्दाआड सहज लपतो. फरक ओळखायचा असेल तर व्हीगन पण चरबीयुक्त पदार्थ समोर ठेवा: दाण्याचं बटर, काजू, तेलातले बटाटे. प्राण्यांसाठी सोडलेलं मूल ते आनंदाने खातं. आजाराकडे झुकलेलं मूल तेही नाकारतं, आणि वर्ज्य पदार्थांची यादी दर आठवड्याला वाढते. वाढीच्या तक्त्यावरची रेघ खाली उतरली किंवा पाळी तीन महिने चुकली तर आहारावर वाद बंद, थेट डॉक्टर.

चौकट
हे कुणी आधी लिहिलं असतं तर मी इतका चिडलो नसतो. माझा आक्षेप कायम आहे: हे सगळं सांभाळणारं घर विरळा. पण ‘दुर्लक्ष करा, उतरेल’ हा सल्ला चुकीचा होता, एवढं मानतो. लोहाचं काय? मुलींना १५ मिलिग्रॅम लागतं, आणि शाकाहारात १.८ पट धरायला सांगतात. २७ आणणार कुठून?

मूठभर_तीळ
२७ रोज ताटात भरणं अवघड आहे, हे खरं. ती १.८ पट मात्र शोषण वाईटात वाईट धरून काढलेली आहे. शोषण आपल्याला बदलता येतं. कडधान्य ८ ते १२ तास भिजवा, पाणी फेका, जमलं तर मोड आणा, लोह अडवणारं फायटेट कमी होतं आणि जस्तालाही फायदा. त्याच जेवणात लिंबू, संत्रं किंवा कच्ची सिमला मिरची. चहा-कॉफी जेवणापासून तासभर दूर. कॅल्शियमची गोळी लोहाच्या जेवणासोबत नको. रक्तस्राव जास्त असेल तर ताट पुरणार नाही, फेरिटिन (लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) बघून डॉक्टरांनी दिलेलं लोह घ्यावं लागेल. नुसतं हिमोग्लोबिन बघू नका, ते सगळ्यात शेवटी घसरतं.

वजनकाटा
आयोडीन लिहा. दूध सुटलं की तेही जातं, आणि सैंधव किंवा साधं समुद्री मीठ वापरणाऱ्या घरात भरून निघत नाही. रोज १५० मायक्रोग्रॅम. केल्पच्या (समुद्री शैवालाच्या) गोळ्या नकोत, त्यात कधी अतोनात असतं.

मूठभर_तीळ
बरोबर, राहिलं होतं. सुरू करण्याआधी एकदा तपासणी: बी१२, फेरिटिन, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व. बी१२ साठी रक्त पहिल्या गोळीच्या आधी द्यायचं, नंतर दिलं तर मूळ पातळी कळत नाही. सहा महिन्यांनी परत, मग वर्षातून एकदा. आणि चौकट, घर विरळा म्हणता ना, तर गोळीचा वार आणि भिजवणीचं पातेलं त्या मुलाच्याच अंगावर टाका. रात्री भिजत घालायला दोन मिनिटं लागतात, सोळाव्या वर्षी ते जमतं.