तातडीचे: इंजिनाच्या तापमानाचा काटा परत १०० वर, शनिवारी बोट काढायची का?

मंडळी, काल परत तेच झालं. २,००० आरपीएमपर्यंत काटा ८० ला शांत. २,४०० ला नेलं की दहा मिनिटांत १००. एक्झॉस्टमधून पाणी येतंय, वाकून स्वतः पाहिलं. शनिवारी लहान मुलं आहेत. नवीन गेज मागवू का? आणि मागे सेंडर (इंजिनाचं तापमान गेजला कळवणारा सेन्सर) कुणी बदलला होता?

उत्तर:
ताई, गेज मागवू नका. किल्ली चालू ठेवून सेंडरची तार काढा आणि क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकवा. काटा पार गरमकडे गेला आणि तार मोकळी सोडल्यावर थंडकडे आला, तर गेज बहुतेक ठीक आहे. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त झाला की अर्थ (विजेचं अर्थिंग) नीट मिळत नाही, तेही बघा.

उत्तर:
सेंडर मी बदलला. टेप अजिबात लावलेला नाही. आणि सेंडरचा अर्थ तुटला तर काटा खाली येतो, वर जात नाही, तेव्हा तो मुद्दा इथे लागूच नाही. वायरिंग माझ्याकडे आहे, कृपा करून परस्पर तारा काढू नका. बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या) वेळचा घोळ निस्तरायला मला दोन रविवार लागले होते.

उत्तर:
तारांचं नंतर बघा रे. पाणी येतंय म्हणजे पुरेसं येतंय असं नाही! कमी वेगात ठीक आणि जोर दिला की तापतं, म्हणजे इंजिन थंड करणारं खारं पाणी कमी पडतंय. गाळणी, मग इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक), मग एक्झॉस्टचा एल्बो (पाणी धुरात मिसळतं तो वाकडा पाइप), या क्रमाने जा. माझ्या बोटीत सहापैकी दोन पाती गायब होती. नवा इम्पेलर बसवला तरी तापायचं. शेवटी हीट एक्स्चेंजरचं (खाऱ्या पाण्याने इंजिनातलं पाणी थंड होतं त्या नळ्यांच्या डब्याचं) टोपण काढलं, तर ती दोन्ही पाती नळ्यांच्या तोंडावर चिकटलेली. चिमट्याने ओढली आणि जुन्या इम्पेलरला जुळवून पाहिली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

उत्तर:
थर्मोस्टॅटच (तापमानाप्रमाणे पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून टाका ना, आम्ही तेच केलं.

उत्तर:
नको! डिझेल सतत थंड चाललं की आत काजळी धरते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की पाणी हीट एक्स्चेंजर टाळून बायपासनेच फिरतं आणि उलट जास्त तापतं.

उत्तर:
काका, गाळणी स्वच्छ आहे. पण एक नवीनच दिसलं: पॅनेलचे दिवे लावले की काटा ८० वरून एकदम ९० वर उडी मारतो.

उत्तर:
इंजिन एका क्षणात दहा अंश तापत नाही. पॅनेलचा अर्थ खराब आहे, ते काम माझं. उद्या सकाळी तारेच्या टोकाचा लग घासून घट्ट करतो. पण काकांचंही खरं असू शकतं. इन्फ्रारेड थर्मामीटर आणतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप चिकटवून तिच्यावर नेम धरायचा, चकचकीत धातूवर आकडा कमी येतो.

उत्तर:
सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करून पंप उघडला. एक पातं मुळापासून गेलंय, दुसऱ्याला चीर आहे. झाकणाचं कागदी गॅस्केट काढताना फाटलं.

उत्तर:
गॅस्केट आणि इम्पेलर दोन्ही माझ्याकडे आहेत, घेऊन येतो. हरवलेलं पातं सापडेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही. आणि ताई, इंजिनाची किल्ली आत्ताच सीकॉकच्या मुठीला अडकवून ठेवा. बंद सीकॉकवर कुणी इंजिन चालू केलं तर नवा इम्पेलरही जाईल.