'गव्हर्नन्स'ला 'सुशासन' म्हणावं का?

अनुवादिका: मोठ्या कंपन्या का कोसळतात यावरचा लेख मराठीत करतेय. 'कॉर्पोरेट गव्हर्नन्स'साठी सगळीकडे 'सुशासन' दिसतं, म्हणून तेच घेतलं आणि चौथ्या ओळीत अडकले. तिथे 'बॅड गव्हर्नन्स' आहे. आता 'वाईट सुशासन' लिहू?

जमाखर्च: 'कारभार' लिहा. चांगलाही असतो, वाईटही.

अनुवादिका: पण रोजचं काम चालवणं म्हणजे कारभार. कॉर्पोरेट गव्हर्नन्सवरच्या ब्रिटनमधल्या १९९२ च्या कॅडबरी अहवालाच्या व्याख्येत कंपनीला दिशा देणं आणि तिच्यावर नियंत्रण ठेवणं आहे. म्हणजे कारभाऱ्यावर नजर कोणाची, हा प्रश्न.

गलबत: 'गव्हर्नन्स'च्या मूळ ग्रीक धातूचा अर्थ जहाज हाकणं. 'सुकाणू'वरूनच शब्द घडवा.

शुद्धमती: सुकाणू अरबी आहे. 'अभिशासन' हा घडवलेला शब्द असताना उसनवारी कशाला?

जमाखर्च: अभिशासन कोणाच्या तोंडी ऐकलंत? मी पंधरा वर्षं संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं लिहिली. एकदा एका संचालकांनी विचारलं, हे कर्ज नेमकं कोणाच्या कंपनीला चाललंय? उत्तर मिळालं नाही. मला सांगितलं, प्रश्न नोंदवू नका. मी लिहिलं, 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'. ती ओळ अजून टोचते. तिथे शब्दाची नाही, प्रश्न नोंदवण्याची उणीव होती.

गलबत: एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं तेच. १९९९ मध्ये मंडळाने स्वतःचीच आचारसंहिता बाजूला ठेवली आणि वित्तप्रमुखाला कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदाऱ्या चालवू दिल्या. डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं. तरी आपण लिहितो 'कंपनी बुडाली'. जणू पाऊसच जास्त झाला! 'बुडवली' लिहा.

शुद्धमती: प्रत्येक वेळी नाही. कोडॅकच्याच अभियंत्याने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला, आणि २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिथे कोणी तिजोरी फोडली नव्हती. 'बुडाली'च बरोबर.

जमाखर्च: मग 'बुडू दिली' म्हणा. कॅमेऱ्याच्या फिल्मवरचा नफा सोडवेना, हेही मंडळाच्या डोळ्यांदेखतच झालं ना?

अनुवादिका: 'बुडू दिली' मी घेतेय. लेखातली निम्मी उदाहरणं त्यात बसतात.

गलबत: कोडॅकला नको. ती २०१३ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर आली, आजही आहे. बुडाली कुठे?

शुद्धमती: म्हणूनच 'दिवाळं' आणि 'दिवाळखोरी' वेगळे धरा. दिवाळं निघालं की संपलं, दिवाळखोरी ही कायद्याची प्रक्रिया.

जमाखर्च: बोलताना हा फरक कोणी करत नाही.

शुद्धमती: लिहिताना करायला हवा.