वळणात गाडीचं नाक बाहेर जातं: ट्रॅकसाठी सस्पेन्शन आणि टायरमधल्या हवेबद्दल सल्ला हवा

तिसरं वळण

नमस्कार मंडळी,

रोजच्या वापरातली हॅचबॅक अधूनमधून ट्रॅकवर नेतो. फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा पिळ खाणारा दांडा). इंजिनाला हात लावलेला नाही, लावायचाही नाही. ब्रेक पॅड चांगले टाकलेत. टायर रस्त्याचेच, पण जरा मऊ रबराचे.

अडचण अशी. वळणात शिरताना गाडी ठीक असते. मध्यावर आलो की स्टिअरिंग अजून वळवलं तरी नाक बाहेरच जात राहतं आणि ॲक्सिलरेटर सोडल्याशिवाय परत आत येत नाही. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड झिजून गुळगुळीत झाली आहे, आतली बाजू मात्र जवळपास नवी दिसते. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आहे, त्यामुळे उजवी वळणं जास्त. हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे, चारही चाकांत थंड असताना ३३ पीएसआय.

लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) आणि मागे जाड अँटिरोल बार (गाडीचं झुकणं रोखणारा दांडा), असे तीन पर्याय डोक्यात आहेत. यातलं आधी काय घ्यावं? घरी त्याच गाडीने परतायचं असतं, हे धरून सांगा. जाणकारांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

वळणवेडा

सरळ कॉइलओव्हर घ्या. लोअरिंग स्प्रिंग मध्येच घेतल्या तर खर्च दोनदा होतो. उंची, कडकपणा सगळं हातात येतं आणि गाडी झुकायची थांबली की निम्मी अडचण तिथेच संपते.

गेजवाला

वळणवेडा यांच्याशी एका बाबतीत सहमत: लोअरिंग स्प्रिंग नकोत. पण कॉइलओव्हरही आत्ता नकोत. तुमचा टायर तुम्हाला काय हवंय ते आधीच सांगतोय. बाहेरची कड खाल्ली जाणं आणि आतली बाजू कोरी राहणं म्हणजे वळणात गाडी झुकल्यावर टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतोय. रबर रुंद असून उपयोग नाही, जमिनीला टेकतोय तो अरुंद पट्टा. हे आधी हवेने आणि कॅम्बरने (चाक उभ्या रेषेपासून किती कललंय तो कोन; वरचा भाग आत कलला की निगेटिव्ह, म्हणजे उणे) सोडवायचं असतं.

हवेपासून सुरुवात करू, कारण ती फुकट आहे आणि बहुतेक जण तिथेच घाई करतात.

दाराच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आणि रस्त्याचा आहे. ट्रॅकवर महत्त्वाचा असतो तो गरम टायरचा दाब. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. ३० पीएसआयच्या आसपास दर ६-७ अंश सेल्सियसला साधारण १ पीएसआय. टायरमधली हवा २५ अंशांवरून ७० वर गेली तर ३० चे जवळपास ३७ होतात. म्हणजे तुमचे थंड ३३ काही लॅपनंतर ४० च्या वर गेलेले असणार. इतक्या दाबाला टायर मधोमध फुगतो, जमिनीवरचा ठसा लहान होतो आणि पकड सुटते. तुम्हाला वळणाच्या मध्यावर जे जाणवतंय, त्यात याचाही वाटा आहे.

पद्धत अशी ठेवा. चार-पाच लॅप नेहमीच्या वेगाने मारा, रमतगमत नको. मग थेट पिटमध्ये या आणि गाडी थांबल्या थांबल्या दाब मोजा. ज्या टायरवर सर्वांत जास्त भार येतो तो आधी, म्हणजे तुमचा पुढचा डावा. मग प्रत्येक वेळी त्याच क्रमाने बाकीचे. गेज एकच वापरा. दोन गेजमध्ये एक-दीड पीएसआयचा फरक सहज निघतो आणि इथे आपण तेवढ्याच फरकाच्या मागे असतो. रस्त्याच्या चांगल्या टायरला या वजनाच्या गाडीत पुढे गरम ३५-३६ ही सुरुवात योग्य. मागे ३४ ने सुरू करा. जास्त असेल तेवढी हवा काढा आणि परत जा. उजव्या बाजूचे टायर कमी तापतात, म्हणून सगळे गरम असताना समान केले तर गार झाल्यावर डाव्या बाजूला आकडा कमी दिसेल. ते तसंच असायला हवं. तो गार आकडा वहीत लिहून ठेवा, शेजारी हवेचं तापमानही लिहा. सकाळी २० अंश आणि दुपारी ३५ अंश असेल तर गाडी न हलवताही टायरमध्ये दोन पीएसआयचा फरक पडलेला असतो.

एक इशारा: फार खालीही जाऊ नका. हवा खूप कमी केली की टायरची भिंत दुमडते, कड आणखी वेगाने झिजते आणि टोकाच्या परिस्थितीत टायर रिमवरून सुटू शकतो. बऱ्याच टायरच्या खांद्याजवळ एक छोटा त्रिकोण असतो. टायर तिथपर्यंत घासला गेला पाहिजे, त्याच्या पलीकडे नाही. त्रिकोण दिसत नसेल तर खांद्यावर खडूची रेघ ओढा आणि परत आल्यावर ती कुठपर्यंत पुसली गेली ते पाहा.

पाना-पक्कड

गेजवाला यांनी हवेचं सांगितलं, मी कॅम्बरचं सांगतो, कारण मॅकफर्सन स्ट्रटची खरी मेख तिथे आहे.

या रचनेत गाडी झुकते तेव्हा बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर झुकतं. स्ट्रट दबताना थोडा निगेटिव्ह कॅम्बर मिळतो, पण झुकण्याने जेवढा जातो तेवढा परत येत नाही. म्हणून तो आधीच देऊन ठेवावा लागतो. रोजच्या गाडीत पुढे शून्य ते उणे १ अंशाच्या मध्ये कुठेतरी असतो. ट्रॅकवर उणे २ ते उणे ३ लागतो. तुम्हाला रस्त्यावरही चालवायची आहे, तर उणे २ च्या आसपास थांबा. त्यापुढे गेलात तर रस्त्यावर आतली कड झिजायला लागेल आणि सरळ रेषेतलं ब्रेकिंगही थोडं कमी होईल, कारण तेव्हा टायर आतल्या कडेवर उभा असतो.

स्वस्त मार्ग म्हणजे कॅम्बर बोल्ट. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जिथे जोडलेले असतात तिथल्या एका बोल्टच्या जागी मध्यापासून सरकलेला बोल्ट बसतो; तो फिरवला की चाकाचा वरचा भाग आत झुकतो. साधारण एक ते दीड अंश मिळतो. आधी बघा की तुमच्या स्ट्रटला खाली दोन बोल्टची जोडणी आहे का, सगळ्या गाड्यांना नसते. आणि बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळा. तो सरकला तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) ट्रॅकवरच बदलेल.

कॅम्बर हलवला की टो (वरून पाहिल्यावर चाकांची पुढची टोकं आत वळलेली, म्हणजे टो-इन, की बाहेर, म्हणजे टो-आउट) हलतोच. म्हणून टो सगळ्यात शेवटी. पुढे शून्य, किंवा अगदी किंचित टो-आउट; मागे कारखान्याचा टो-इन तसाच राहू द्या.

अलाइनमेंट करणाऱ्याला काय सांगायचं तेही लिहितो, कारण गाडं तिथेच अडतं. मशीनच्या पडद्यावर हिरवा-लाल पट्टा असतो तो कारखान्याच्या आकड्यांचा. तुमचा कॅम्बर लाल दिसणार आणि तो माणूस प्रामाणिकपणे तो हिरव्यात आणायला जाईल. त्याला आधीच कागदावर आकडे लिहून द्या: पुढे दोन्हीकडे कॅम्बर इतका, टो इतका, पडदा लाल दिसला तरी चालेल. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवायला सांगा, टाकी अर्धी ठेवा, चारही टायरमध्ये हवा सारखी करून न्या. आधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे छापून घ्या.

वळणवेडा

पटलं. पण मग गाडी कमी उंचीची केली तर झुकणं कमी होणार नाही का? गुरुत्वमध्य खाली येतो ना?

पाना-पक्कड

गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं. पण मॅकफर्सनमध्ये गाडी खाली आणली की खालचा आर्म आडवा राहत नाही, बाहेरचं टोक वर जातं. त्यामुळे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते, तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, म्हणजे झुकवणारा जोर वाढतो. शिवाय शॉकअपची चाल कमी होते. वळणात बाहेरचा शॉकअप बंपस्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरी अडणीवर) बसला की तो कोपरा एका क्षणात दगडासारखा कडक होतो आणि नाक सरळ निघतं. खालची गाडी फोटोत छान दिसते, ट्रॅकवर ती आपोआप वेगवान होत नाही. १५-२० मिमी, तेही स्प्रिंगला साजेशा शॉकअपसोबत, इतपत ठीक.

ओला ट्रॅक

पावसाचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. ओल्या ट्रॅकवर टायर तापत नाही, त्यामुळे दाबही फारसा वाढत नाही. कोरड्यासाठी ठरवलेल्या कमी थंड हवेने गेलात तर टायर दाबात पोहोचणारच नाही. थंड असतानाच ३-४ पीएसआय जास्त घाला. चर उघडे राहतात, पाणी कापलं जातं. आणि मागचा बार घेतलाच, तर पावसात तो, कडकपणा बदलायच्या भोकांपैकी, सर्वांत मऊ भोकावर आणा. तिथे मागची बाजू काही न सांगता सुटते.

तिसरं वळण

सर्वांचे मनापासून आभार. काहीही विकत न घेता आधी हवा करून पाहिली. एका मित्राकडे सुईचा पायरोमीटर होता, त्याने पुढच्या डाव्या टायरचं तापमान घेतलं. गरम दाब ३९ वर असताना: बाहेर ९८, मध्ये ९२, आत ७८ अंश. नंतर दाब ३६ ला आणला, तेव्हा नाक थोडं ऐकायला लागलं, पण लांब वळणात अजून बाहेर जातंच. मागचा डावा टायर: ६२, ६१, ६०. याचा अर्थ कसा लावायचा?

गेजवाला

सुईने घेतलंत हे फार बरं केलंत. इन्फ्रारेड बंदूक फक्त वरचा थर पाहते आणि तो पिटमध्ये येईपर्यंत गार होतो. सुई रबराच्या आत काही मिलिमीटर जाते, म्हणून तिचा आकडा विश्वासाचा.

आता दोन गोष्टी वेगळ्या करून वाचा. पहिली, मधला आकडा विरुद्ध दोन कडांची सरासरी. ९८ आणि ७८ ची सरासरी ८८, मध्ये ९२. मधला भाग जास्त तापलाय, म्हणजे दाब थोडा जास्त होता. ३६ ला आणल्यावर फरक पडला तो यामुळेच. दुसरी, बाहेर विरुद्ध आत. इथे बाहेर २० अंश जास्त आहे, आणि हे हवेने सुटणार नाही. पुरेसा कॅम्बर असलेल्या गाडीत आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंश जास्त गरम सापडते, कारण सरळ रेषेत आतली कड काम करत असते. तुमचं उलटं आहे आणि खूप उलटं आहे. तेव्हा कॅम्बर बोल्ट, आणि उणे २ च्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

मागचे आकडे मला जास्त बोलके वाटतात. पुढचा टायर नव्वदीच्या घरात आणि मागचा साठीत, म्हणजे मागचं चाक फक्त सोबत येतंय, वळवण्याचं सगळं ओझं पुढच्यावर आहे. मागच्या बारचा उपयोग इथे होतो. टायरवर भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. मागचा बार कडक केला की झुकण्याचा विरोध मागे जास्त होतो, वजनाची बाहेरच्या चाकाकडे होणारी बदली पुढे कमी आणि मागे जास्त होते. मागची पकड थोडी घटते, पुढची थोडी वाढते. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत वळणात आतलं मागचं चाक हवेत उचललं गेलेलं दिसतं ते यामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं ते वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडण्याला, तेव्हा मागची बाजू आता पटकन फिरेल.

म्हणून दोन्ही एकदम करू नका. आधी कॅम्बर, मग परत तापमान, मग गरज राहिली तर बार. एकदम दोन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही.

तिसरं वळण

कॅम्बर बोल्ट मागवतो. शेवटची शंका: परत येताना हवेचं काय करायचं? आणि नायट्रोजन भरावा का?

पाना-पक्कड

निघण्याआधी टायर हाताला गार लागू द्या आणि हवा स्टिकरवर आणा. छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवाच. गरम असताना काढलेली हवा गार झाल्यावर २८-२९ दाखवते, आणि सामानासकट हायवेवर तेवढ्यावर जाणं धोक्याचं आहे. त्याच वेळी चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. पिटमध्ये उभी असताना हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवायचे नसतात.

नायट्रोजनबद्दल: साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि कोरडी हवा तापल्यावर जवळपास तशीच वागते. फरक पडतो तो ओलाव्याने. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलं असेल तर ते टायरमध्ये जातं आणि दाब वेडावाकडा चढतो. टाकीचं पाणी काढलेली साधी हवा पुरते.

ब्रेक ऑइल किती जुनं आहे ते लिहिलं नाहीत. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू मानकाप्रमाणे किमान २३० अंश, ओलावा शोषलेल्याचा १५५. पुढे पकड वाढली की तुम्ही ब्रेक उशिरा मारायला लागाल, तेव्हा पुढच्या वेळेआधी ते बदलून घ्या.

गेजवाला

कॅम्बर झाल्यावर चारही टायरचे तीन-तीन आकडे, गरम दाब आणि हवेचं तापमान इथेच टाका. बार कोणत्या भोकावर लावायचा ते त्यावरून सांगतो.