मदत हवी आहे: पूर-सूचनेचं ॲप गावासोबत बसून बनवायचंय, बैठका कशा घ्याव्यात?

नमस्कार मंडळी. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. 2005, 2019, 2021, तिन्ही पूर आम्ही सोसलेत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी मोबाइलवर सगळ्यांना येते: 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं होतं. पण पूल आमच्या खालच्या अंगाला. त्या आकड्यावरून आमच्या कुठल्या गल्लीत कधी पाणी शिरेल, हे कळत नाही. म्हणून आम्ही तिघा मित्रांनी ॲप बनवलं आणि समाजमंदिरात दाखवलं.

पुढे बसलेले बागायतदार बोलले. बाया दाराशी उभ्या, गप्प. शेवटी एक आजी म्हणाल्या, "पाणी नदीकडनं येतच न्हाई रं. आधी वढ्यातनं मागनं येतंय. आन् तवर लाईट गेलेली असती, टावर बी."

आमच्या नकाशात ओढाच नव्हता.

मग आजींनीच देवळापुढे रांगोळीनं गाव काढलं. ओढा, गोठे, वैरणीच्या गंजी, कुठून पाणी चढतं, सगळं. मारुतीच्या देवळाची तिसरी पायरी बुडाली की जनावरं सोडायची, हा इथल्या घराघरातला हिशोब. फुटाइंचात कुणीच बोलत नाही. मला वाटतं, ॲपनं पायऱ्याच दाखवाव्यात. ते अर्धंअधिक पुन्हा लिहायची आमची तयारी आहे.

आता अडलंय ते असं. ओढ्याकाठच्या वस्तीत पाणी सगळ्यात आधी शिरतं, पण तिथले शेतमजूर बैठकीला येत नाहीत. रोज बुडवून कोण येणार? त्यांच्याकडे कसं जावं, त्यांचं म्हणणं टिपून कसं घ्यावं? साध्या फोनवर मिस्ड कॉल दिला की उलट कॉल येऊन मराठीत माहिती ऐकू येते, अशी सोय कुणी चालवलीय का, खर्च किती येतो? आणि टॉवर गेल्यावर ग्रामपंचायतीच्या भोंग्याखेरीज (तोही बॅटरीवर असला तरच) दुसरं काय?

सगळ्यात जास्त घोर एका यादीचा आहे. अंथरुणाला खिळलेली माणसं, पोटुशी बाया, कुठल्या घरात कोण, हे बोटीवाल्यांना कळायला हवं. पण ही यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरता कामा नये. ती ठेवायची कुणाकडे? आशाताईंकडे, वहीत?

येत्या रविवारी धारा काढून झाल्यावर वस्तीवरच बसायचं ठरलंय. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी त्याआधी दोन शब्द लिहिले तर फार मदत होईल.