स्कायरिमच्या गादीवर बसायला खरंच लायक कोण? (स्पॉइलर आहेत)

हिमवाट:
परत एकदा स्कायरिम हा व्हिडिओ गेम खेळतोय आणि यावेळी मुद्दाम सिव्हिल वॉरला (एम्पायर विरुद्ध बंडखोर स्टॉर्मक्लोक) हातच लावला नाही, सरळ मेन स्टोरीत पुढे आलो. आता हाय ह्रोथगार या डोंगरावरच्या मठातली ती तहाची बैठक समोर आहे, जिथे स्टॉर्मक्लोकचा नेता, विंडहेल्मचा यार्ल उल्फ्रिक आणि एम्पायरचा सेनापती टुलियस एकाच टेबलावर बसतात आणि कोणाचं शहर कोणाला जाणार यात आपलंही मत चालतं. तिथे जायच्या आधी इथे विचारावंसं वाटलं.

कुठली साइड जॉइन करू हा माझा प्रश्न नाहीये, त्यावर २०११ पासून भांडणं चालूच आहेत. मला विचारायचंय की उद्या युद्ध थांबलं तर हाय किंग किंवा हाय क्वीन म्हणून कोण बसावं? ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, आधीचा हाय किंग टोरिग, त्याला उल्फ्रिकने द्वंद्वात मारलं, त्यानंतर नवा राजा निवडणारी यार्ल लोकांची सभा म्हणजे मूट, ती बसलीच नाही. नऊ होल्ड (प्रांत) आहेत, प्रत्येकाचा प्रमुख म्हणजे यार्ल. हाफिंगार, रीच, ह्यालमार्च, फॉकरीथ हे एम्पायरकडे, ईस्टमार्च, रिफ्ट, पेल, विंटरहोल्ड हे स्टॉर्मक्लोककडे, आणि व्हाइटरन कोणाकडेच नाही. म्हणजे मतं मोजायला बसलं तरी चार-चार.

मला स्वतःला उल्फ्रिकचं बोलणं पटतं पण माणूस पटत नाही, आणि टोरिगची विधवा, सॉलिट्यूडची यार्ल एलिसिफ, तिचं बरोबर उलटं. तुम्हाला काय वाटतं ते कारणासकट सांगा. "ड्रॅगनबॉर्नच (म्हणजे आपण खेळतो तो नायक) राजा" हे उत्तर कृपया नको, एकतर तो गादी मागतच नाही आणि दुसरं म्हणजे तो प्रत्येकाच्या गेममध्ये वेगळा माणूस असतो, त्याच्यावर काय चर्चा करणार.

उत्तरेचा_वारा:
उल्फ्रिक. पूर्ण विचार करून लिहितोय.

एम्पायरने चौथ्या युगाच्या १७५ साली एल्फ लोकांच्या डोमिनियनशी व्हाइट-गोल्ड कॉनकॉर्डॅट या तहावर सही केली आणि नॉर्ड लोकांचा देव टॅलोस, त्याची पूजा बंद केली. ज्या नॉर्ड (स्कायरिमच्या) पोरांनी त्याच एम्पायरसाठी डोमिनियनविरुद्धच्या ग्रेट वॉरमध्ये रक्त सांडलं त्यांना घरी आल्यावर कळतं की आपला देवच बेकायदेशीर झालाय. लोक म्हणतात सम्राटाकडे दुसरा पर्याय नव्हता. मग हॅमरफेल या दुसऱ्या प्रांताचं काय? त्यांनी तो तह मानला नाही, एम्पायरने त्यांना वाऱ्यावर सोडलं, तरी ते एकटे लढत राहिले आणि १८० साली डोमिनियनला तिथून माघार घ्यायला लावली. पर्याय होता, फक्त तो निवडायची हिंमत सिरोडीलमध्ये (सम्राटाच्या प्रांतात) नव्हती.

आता टोरिगचं. उल्फ्रिकने लपून वार केला नाही, दरबारात सगळ्यांसमोर आव्हान दिलं आणि टोरिगने ते स्वीकारलं. सॉलिट्यूडमध्ये पहिल्यांदा शिरताना उल्फ्रिकला पळून जाऊ दिलं म्हणून रॉग्वीरचं डोकं उडवतात ना, तो मरताना सुद्धा हेच म्हणतो की लढत न्याय्य होती, हीच आपली रीत आहे. त्या माणसाने गेट उघडलं एवढाच त्याचा गुन्हा.

आणि एक गोष्ट सगळे विसरतात, स्टॉर्मक्लोक जिंकले तरी उल्फ्रिक स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवून मोकळा होत नाही, मूट ठरवेल तेव्हाच मला हाय किंग म्हणा असं सांगतो. सैन्य हातात असताना हे म्हणणारा माणूस मला तरी गादीसाठी हपापलेला वाटत नाही.

जुना_नकाशा:
मित्रा, तुझा कॉनकॉर्डॅटबद्दलचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. पण राग बरोबर असणं वेगळं आणि राज्य करता येणं वेगळं. उल्फ्रिकला राज्य कसं करता येतं हे बघायला आपल्याला कल्पना करावी लागत नाही, त्याचं शहर आहे की समोर.

विंडहेल्मच्या दरवाजातून आत आलास की पहिलं काय दिसतं आठव. सुवारिस ॲथेरॉन नावाची डार्क एल्फ बाई उभी असते आणि दोन नॉर्ड तिला हेर ठरवून अंगावर ओरडत असतात, त्यातला एक रोल्फ स्टोन-फिस्ट. तो कोण? गॅल्मारचा सख्खा भाऊ. आणि गॅल्मार म्हणजे उल्फ्रिकचा उजवा हात. म्हणजे हे कुठल्या तरी दारूड्याचं वागणं म्हणून सोडून देता येत नाही, यार्लच्या सगळ्यात जवळच्या माणसाच्या घरातलं आहे आणि यार्लला ते थांबवावंसं वाटत नाही. ग्रे क्वार्टरची (डार्क एल्फ वस्तीची) अवस्था बघ. सरड्यासारख्या आर्गोनियन लोकांना तर तटबंदीच्या आत राहायचीच परवानगी नाही, ते बंदरावर राबतात आणि तिथेच झोपतात. ब्रुनवुल्फ फ्री-विंटर स्वतः नॉर्ड, स्वतः युद्ध केलेला माणूस, तो सांगतो की नॉर्ड वस्तीवर लुटारू आले की उल्फ्रिकचे सैनिक धावतात आणि दुसऱ्यांच्या वेळी कोणी फिरकत नाही.

बरं नॉर्ड लोकांसाठी तरी काही करतो का? त्याच्या शहरात एक खुनी बायका मारत सुटलाय आणि गार्ड म्हणतो युद्धामुळे आमच्याकडे माणसं नाहीत. परगावाहून आलेला आपला कॅरेक्टर जाऊन यार्लच्या स्टुअर्डला (कारभाऱ्याला) म्हणतो मी तपास करतो आणि तो लगेच हो म्हणतो! स्वतःच्या राजधानीत लेकीबाळी मरतायत आणि यार्ल सिंहासनावर बसून गॅल्मारशी पुढच्या चढाईचं बोलतोय.

आणि ते द्वंद्व. सॉलिट्यूडच्या दरबारातल्या सिबिल स्टेंटॉरशी बोललास का कधी? ती सांगते की टोरिगला उल्फ्रिकबद्दल फार आदर होता, उल्फ्रिक आला तेव्हा सगळ्यांना वाटलं हा स्वातंत्र्याची मागणी करायला आलाय, आणि त्याने नीट मागितलं असतं तर टोरिगने कदाचित ऐकलंही असतं. हे वाचून मी खरंच सुन्न झालो होतो. एक शब्द विचारला असता तर कदाचित अख्खं युद्ध टळलं असतं. आव्हान नाकारायची सोयही नव्हती, नाकारलं असतं तर नवी मूट बोलवायला निमित्त मिळालं असतं, त्यामुळे "त्याने स्वीकारलं" याला काही अर्थ नाही. ज्याने हाय ह्रोथगारच्या ग्रेबिअर्ड्स साधूंकडे राहून थुऊम म्हणजे शाउटची (आवाजाची) जादू शिकला त्याच्यासमोर तो तरुण राजा, ही काय लढत झाली? उल्फ्रिक स्वतःच सांगतो की शाउटने खाली पाडला आणि मग तलवार घातली.

उत्तरेचा_वारा:
विंडहेल्मबद्दल मी बचाव करणार नाही, ग्रे क्वार्टरमधून जाताना मलाही लाज वाटते. पण "कदाचित ऐकलं असतं" यावर देश चालत नाहीत. टोरिगला निवडणाऱ्या मूटमध्येच उल्फ्रिक सगळ्यांसमोर स्वातंत्र्याचं बोलला होता, जवळजवळ राजद्रोह म्हणावा इतकं उघड. टोरिगला माहीत होतं ना लोकांच्या मनात काय आहे ते? मग त्याने काय केलं?

निळा_महाल:
एलिसिफबद्दल कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते.

तिला सगळे बाहुली म्हणतात. हो, टुलियसला ती सोयीची आहे म्हणून हवीय, हे खरंच आहे. वुल्फस्कल गुहेत काहीतरी विचित्र चाललंय असं एक गावकरी येऊन सांगतो तेव्हा ती घाबरून एकदम सैन्य पाठवा म्हणते आणि तिचा स्टुअर्ड फॉक फायरबिअर्ड याला तिला आवरावं लागतं. लोक यावर हसतात. पण नीट बघा, दरबारात बाकी कोणी त्या माणसाला सिरियसली घेतलं नव्हतं, तिने घेतलं, आणि त्या गुहेत जाऊन बघितल्यावर कळतं की तिथे मेलेल्या दुष्ट राणीला, पोटेमाला, परत आणायचा विधी चाललेला असतो. म्हणजे घाबरणारीच बरोबर होती.

आणि दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे थोडं काम केलं, विश्वास बसला की ती आपल्याला टोरिगचं रणशिंग देते आणि टॅलोसच्या देवळात वाहायला सांगते. एम्पायरच्या बाजूची यार्ल, थालमोरची (डोमिनियनच्या सत्ताधाऱ्यांची) एम्बसी तिच्या शहरापासून जवळच, आणि ती नवऱ्यासाठी बंदी असलेल्या देवाच्या पायाशी भेट पाठवते. कोणाला कळलं तर तिचं काय होईल हे तिला माहीत असणारच. ही बाई बाहुली नाही, फक्त तिला अजून कोणी स्वतःच्या पायावर उभं राहू दिलेलं नाही. टोरिग गेल्यावर तिला रडायलाही वेळ मिळाला नाही, लगेच तिच्या नावाने राजकारण सुरू.

आज गादीवर बसवली तर टुलियसच राज्य करेल हे मान्य. पण दहा वर्षांनी? मला वाटतं ती या सगळ्यांपेक्षा चांगली निघेल.

नववा_यार्ल:
सगळेजण माणसं तोलताय, पण मूट कशी भरणार याकडे कोणी बघत नाहीये. जो जिंकतो तो हरलेल्यांचे यार्ल हाकलून आपले बसवतो. मग तेच यार्ल मूटला बसतात. मूट म्हणजे नुसता शिक्का राहतो मग. उल्फ्रिक "मूट ठरवेल" म्हणतो तेव्हा त्या मूटमधले निम्मे लोक त्यानेच बसवलेले असतात, आणि टुलियसचंही तेच.

आणि बसवतात कोणाला बघा. एम्पायरने रिफ्ट घेतलं की रिफ्टनची यार्ल कोण होते? मेव्हन ब्लॅक-ब्रायर! जिच्या खिशात गार्ड पण आहेत आणि थीव्हज गिल्ड पण. आत्ताची यार्ल लैला भाबडी आहे, तिच्या नाकाखाली काय चालतं तिला कळत नाही, पण निदान मनाने चोर नाहीये. आणि स्टॉर्मक्लोकने रीच घेतलं की मार्कार्थ जातं थोंगव्होर सिल्व्हर-ब्लडकडे, ज्याच्या घराण्याची सिडना माइन ही कैद्यांची खाण आहे. त्या खाणीत जाऊन आलेल्या कोणालाही विचारा त्या घराण्याच्या हातात शहर द्यावं का. हिमवाट, तुझ्या बैठकीत नेमकी हीच दोन शहरं टेबलावर येणार आहेत, तेव्हा नकाशा बघून नको, ही दोन नावं डोळ्यासमोर ठेवून बोल.

थालमोर एम्बसीतून उल्फ्रिकची फाइल उचलली असशील तर परत वाच. त्यांनी त्याला ग्रेट वॉरमध्ये पकडून छळलं, त्याच्यामुळे इम्पिरियल सिटी पडली असं त्याच्या डोक्यात भरवलं जे खोटं होतं, आणि मग सोडलं. आजचा उल्फ्रिक त्यांच्या सांगण्यावरून चालत नाही हे त्याच फाइलमध्ये आहे, त्यामुळे त्याला गद्दार म्हणणं चूक आहे. पण त्यातच हेही आहे की स्टॉर्मक्लोक जिंकलेले सुद्धा त्यांना नकोत, त्यांना हवंय युद्ध लांबलेलं. म्हणजे थालमोरला कोण जिंकू नये असं वाटतं? कोणीच. म्हणून माझ्या मते असा माणूस हवा ज्याला, कोणालाही न हाकलता, दोन्हीकडचे निदान काही यार्ल मत देऊ शकतील, आणि असा एकच आहे, व्हाइटरनचा यार्ल बाल्ग्रुफ.

ड्रॅगनने हेल्गेन जाळल्याची बातमी घेऊन आपण बाल्ग्रुफच्या महालात, ड्रॅगन्सरीचमध्ये, जातो तो सीन आठवा. त्याची हाउसकार्ल (अंगरक्षक) इरिलेथ म्हणते रिव्हरवुडला ताबडतोब माणसं पाठवा. स्टुअर्ड प्रोव्हेंटस म्हणतो नको, फॉकरीथच्या यार्लला वाटेल आपण चढाईची तयारी करतोय. बाल्ग्रुफ दोघांचं ऐकतो आणि लगेच ठरवतो, माझी माणसं जळत असताना मी बसून राहणार नाही. निर्णय घ्यायला एक मिनिट सुद्धा लागत नाही. आणि त्याची हाउसकार्ल डार्क एल्फ, स्टुअर्ड इम्पिरियल, भाऊ कट्टर नॉर्ड, सगळे एका दरबारात आणि सगळ्यांना तोंड उघडायची मुभा. मला राजा म्हणून एवढं पुरे आहे.

जुना_नकाशा:
बाल्ग्रुफला माझंही मत, पण एक खटकतं. तो इतके दिवस कुंपणावर बसला त्याची किंमत बाकीच्या होल्डनी दिली. व्हाइटरन मधोमध आहे, त्याने आधीच ठामपणे मूटची मागणी केली असती तर चार-चारचा तिढा तिथेच सुटला असता. तो व्हाइटरनचा यार्ल म्हणून उत्तम आहे, अख्ख्या स्कायरिमचा विचार तो करतो का हे मला अजून दिसलेलं नाही.

नववा_यार्ल:
बरोबर आहे, पण आधी बोलला असता तर ज्याच्या विरुद्ध बोलला त्याचं सैन्य दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात. बाल्ग्रुफकडे उल्फ्रिकची कुऱ्हाड (बाजू निवड नाहीतर युद्ध, असा निरोप) आल्यावर काय होतं ते बघितलंयस ना. ओडाव्हिंग या ड्रॅगनला पकडायला ड्रॅगन्सरीच द्यायच्या वेळी सुद्धा तो आधी हेच म्हणतो की दोन्हीकडून हल्ला होणार नाही याची खात्री द्या. मला तो घाबरटपणा वाटत नाही, शहरात लोक राहतात हे त्याच्या लक्षात असतं.

निळा_महाल:
मग बाल्ग्रुफ हाय किंग आणि एलिसिफ सॉलिट्यूडची यार्ल, यावर माझी हरकत नाही. तिच्यासाठी सुद्धा तेच बरं होईल, टुलियसची सावली डोक्यावरून जाईल.

हिमवाट:
मेव्हन आणि थोंगव्होरचा मुद्दा वाचून बैठकीकडे बघायची नजरच बदलली, मी आत्तापर्यंत फक्त कोणाकडे किती होल्ड राहतात तेवढंच मोजत होतो.

@उत्तरेचा_वारा तुला विचारायचंय, कारण तुझी बाजू पटल्याशिवाय हे सगळं हवेतच राहतं. उद्या मूट बसली, जुनेच नऊ यार्ल, कोणालाही न हाकलता, आणि बाल्ग्रुफ उभा राहिला, तर स्टॉर्मक्लोकवाला म्हणून तुला चालेल का?

उत्तरेचा_वारा:
बराच वेळ विचार केला यावर.

चालेल. कारण व्हाइटरनच्या चौकात हेमस्कर दिवसभर टॅलोसच्या पुतळ्याखाली उभा राहून घसा फोडून प्रवचन देतो आणि बाल्ग्रुफने त्याला कधी उचलून नेलं नाही. बंदी असताना जो एवढं चालू देतो तो राजा झाला तर उघडपणे परवानगी देईल असं मला वाटतं, आणि माझ्यासारख्याला मुळात तेच हवंय, उल्फ्रिकचा चेहरा नाण्यावर दिसायलाच पाहिजे असं काही नाही.

पण माझी एक अट आहे. मूट बसेल तेव्हा थालमोरची राजदूत एलेनवेन त्या खोलीत नको. तुझ्या त्या बैठकीला टुलियस तिला सोबत घेऊनच येतो आणि उल्फ्रिक पहिला आक्षेप त्यावरच घेतो, कैदेत असताना तिनेच त्याची चौकशी केली होती हे लक्षात ठेव. तेव्हा तुला विचारतील ती थांबू दे का जाऊ दे. तिला आधी बाहेर काढ, मग शहरांचं बोल.