'रायव्हल' म्हणजे शत्रूच का?

मेघा७:
लेकीने पेपरात रायव्हलचा अर्थ 'शत्रू' लिहिला तर अर्धाच मार्क मिळाला, का ते बाईंनी लिहिलं नाही. मग एनिमी आणि रायव्हल यात फरक काय, आणि रायव्हल हा रिव्हरसारखा दिसतो तर त्याचा नदीशी संबंध आहे का, असं ती दोन दिवस विचारतेय. जाणकारांनी सांगा ना, मलाही समजून घ्यायचंय.

शब्दवेडा:
लेकीने बरोबर हेरलंय, पाण्याशी संबंध आहेच, फक्त रिव्हरशी नाही. रिव्हर आला लॅटिन रिपा म्हणजे काठ यावरून, फ्रेंचमधून फिरून. रायव्हलचं मूळ रिवुस, म्हणजे ओढा किंवा पाट, आणि रिवालिस म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारा. रोमन सम्राट जस्टिनियनच्या डायजेस्ट या कायदेसंग्रहात (इ.स. 533) उल्पियन या कायदेपंडिताचं वचन आहे, त्यात पाण्याच्या वापरावरून रिवालेसचं (रिवालिसचं अनेकवचन) भांडण झालं तर, असं म्हणून लगेच खुलासा केलाय की रिवालेस म्हणजे एकाच पाटातून पाणी नेणारे. एनिमी वेगळा, तो इनिमिकुसवरून, म्हणजे जो मित्र नाही तो, आपल्या 'अमित्र'सारखाच. डिराइव्हसुद्धा रिवुसचाच बरं का, पाटातून पाणी वळवून घेणं.

चारीवरचा:
वाचून अंगावर काटा आला, कारण हे आम्ही जगतो. रात्री दोनची पाण्याची पाळी असली की बॅटरी नि फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला जायचं आणि वाफा अर्धा भिजतोय तोच पाण्याची धार बारीक होते, वर चालत जाऊन बघावं तर वरच्याने चारी फोडून पाणी आपल्या उसात घेतलेलं. तिथेच चिखलात उभं राहून कडाक्याचं भांडण होतं. पण पेरणीला सावड, म्हणजे एकमेकांच्या शेतात राबणं, त्याच्याशीच, बैल आजारी पडला तर पहिला तोच येतो. त्याला शत्रू कसं म्हणू?

शब्दवेडा:
अगदी हेच! शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्ये सुरुवातीलाच बर्नार्डो आपल्या पहाऱ्यातल्या जोडीदारांना रायव्हल म्हणतो, तिथे भांडण नाहीच, एका कामात वाटा असलेले एवढाच अर्थ.

जुनी_पोथी:
आपल्याकडेही बघा, संस्कृतात सपत्न म्हणजे प्रतिस्पर्धी, आणि तो सपत्नीवरून झालाय, म्हणजे आपली सवत. तिकडे एक पाट, इकडे एक नवरा. त्याहून मला भिडतो तो भ्रातृव्य, शब्दशः भावाचा मुलगा, पण वेदांत तोच प्रतिस्पर्धी, वैरी. पाणिनीने शत्रू या अर्थासाठी वेगळं सूत्र दिलंय. भाऊबंदकी म्हणतो ना आपण, ती इतकी जुनी आहे. ज्याच्याशी वाटणी त्याच्याशीच वाद.

मेघा७:
सगळ्यांचे मनापासून आभार, लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला आता एवढंच कळायला हवंय की वरच्याने पाणी तोडलं तर खालच्याने करायचं काय?

चारीवरचा:
तिला सांगा, पाटकऱ्याला उठवायचं. कोणाची पाळी किती वाजेपर्यंत ते त्याच्या वहीत असतं.