तुम्ही मुलांच्या खेळात काय काय झालात? कंडक्टर, गिऱ्हाईक, पेशंट... (अनुभव धागा)

भुईचाफा
परवा नवीन फ्रिज आला. फ्रिज राहिला बाजूला, आमचं साडेतीन वर्षांचं पिल्लू खोक्यात जाऊन बसलं ते बाहेरच येईना. अण्णा (माझे वडील, सध्या आमच्याकडे आहेत) पेपर वाचत होते, ते उठले, सुरीने खोक्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या कापल्या, लाल खडूने पट्टे ओढले, आणि मग ओट्यावरचा चिमटा घेऊन स्टीलच्या डब्यावर टक टक टक टक... "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे, सुट्टे पैसे काढून ठेवा." मी कुकर लावत होते. हात तिथेच थांबला.

अण्णा ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाची गाडी असली की रात्री घरी नसायचे. पण घरी असले की आमच्या त्या दीड खोलीत खुर्च्या, पाट, बादली उपडी घालून अशी रांग लागायची आणि एसटी सुरू. उतारूंनी टाकलेली तिकिटं माझ्यासाठी गोळा करून आणायचे, रंगीबेरंगी. त्यांचा पंच (तिकिटाला भोक पाडायचा चिमटा) हातात मिळायचा नाही म्हणून मी सांडशी वापरायचे.

आता खरं सांगायचंय ते असं की मी खेळातून जेवायला उठायचे नाही, आई हाका मारून मारून दमायची, चिडायची. अण्णा कधी "ऊठ" म्हणायचेच नाहीत. एक घंटी द्यायचे. "गाडी जेवणासाठी वीस मिनिटं थांबेल, हातपाय धुऊन घ्या." आणि मी उतरायचे की निमूट! हे मी पार विसरले होते. गेले दोन महिने आंघोळीवरून रोज आमच्याकडे रडारड, मी ओरडतेय, तो लोळतोय. काल मी फक्त म्हटलं, गाडी आज डेपोत धुवायला न्यायचीय, ड्रायव्हरसाहेब. स्वतःहून मोरीत जाऊन उभा राहिला.

तर तुम्ही सांगा. तुमच्या लहानपणीचं, आत्ताच्या मुलांचं, काहीही.

पहाटवारा
पंचचा आवाज!! अंगावर काटा आला वाचून. आम्ही सुट्टीला आजोळी जायचो तेव्हा तो आवाज आला की मी झोपेचं सोंग घ्यायचो, आईने सांगितलेलं असायचं म्हणून, हाफ तिकीट लागू नये. अण्णा कुठल्या डेपोला होते?

भुईचाफा
सातारा जिल्ह्यातच फिरले सगळीकडे. आणि ती झोपलेली पोरं त्यांना कळायची बरं का, घरी येऊन सांगायचे हसत हसत.

गवतीचहा
आमच्याकडं दोन खोकी जपून ठेवलीत, एक वॉशिंग मशीनचं एक टीव्हीचं. हॉलमध्ये जागा नाही, सासूबाई रोज म्हणतात रद्दीत घाला. पण लेकीनं त्यातच दवाखाना काढलाय आणि सासूबाईच पहिल्या पेशंट असतात, गुडघ्याला खरोखरची पट्टी बांधून घेतात.

उंबर
दिवाळीचा किल्ला. आमचा फ्लॅट ठाण्यात, सातव्या मजल्यावर, बाल्कनीत प्लायवूडचा तुकडा टाकून केला. माती नर्सरीतून विकत आणली याचं मला आधी वाईट वाटलं, मग म्हटलं असू दे. विटांचे तुकडे, वर पोतं, त्यावर चिखल. पाच वर्षांचा मुलगा कोपरापर्यंत चिखलात. अळीव पेरले, चौथ्या दिवशी हिरवं दिसायला लागलं तर सकाळी साडेसहाला मला उठवायला आला, बाबा गडाला केस आले म्हणून.

आणि मग त्याने बुरुजावर डायनासोर ठेवला. माझ्या तोंडावर आलं होतं की असं नसतं रे, गडावर मावळे असतात. पण त्याच्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं, डायनासोर रात्री पहारा देणार कारण मावळे दिवसभर लढून दमलेत. यात चूक काय काढणार? महाराज वर सिंहासनावर, खाली डायनासोर पहाऱ्यावर. शेजारचे काका बघून गेले, म्हणाले लहानपणी आमच्या किल्ल्यात रेल्वे होती.

चिंचेचं_बोटूक
गडाला केस आले! हे मी आता कायम वापरणार.
उंबर, अळीव आदल्या रात्री भिजवले होते का? आमचे दर वर्षी कुजतात.

उंबर
नाही भिजवत. भिजवले की चिकट होऊन गोळा होतो. कोरडेच भुरभुरवायचे आणि पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही.

दूरदेशी
आम्ही जर्मनीत असतो, लेक सव्वाचार. किंडरगार्टनमुळे दिवसभर जर्मन, घरी आम्ही मराठी बोलतो पण ती उत्तर जर्मनमध्येच द्यायची. मी खूप मागे लागायचो, मराठीत सांग, मराठीत सांग, आणि ती अजूनच गप्प व्हायची. मग आईने (म्हणजे तिच्या आजीने) कुरिअरने भातुकली पाठवली, सावंतवाडीची लाकडी, पोळपाट लाटणं जातं सगळं चिमुकलं. आता रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी गिऱ्हाईक असते. खानावळ आहे. आजीला जर्मन येत नाही हे लेकीला पक्कं माहीत आहे, म्हणून ऑर्डर मराठीत घ्यावी लागते. "आजी तुला भाकरी हवी का पोळी? भाकरी संपली." पूर्ण वाक्य! मी दाराआड उभा राहून ऐकतो. तिला मराठी शिकवायचं मी थांबवलंय, आजी फक्त जेवायला येते.

गवतीचहा
आजी फक्त जेवायला येते... काय लिहिलंत हो. डोळ्यात पाणी आलं.

सुकंबोंबील
सावंतवाडीची खेळणी म्हटल्यावर राहवलं नाही, आमचं गाव तिथून जवळ. पांगाऱ्याचं लाकूड असतं, हलकं. पण आमच्या घरी विकतचं कधीच नव्हतं हां. करवंट्यांची भांडी, कण्हेरीच्या पानांचे पैसे, आणि पोफळीची विरी (सुपारीच्या झावळीचा बुडाकडचा रुंद भाग) पडली की एकाने तिच्यावर बसायचं, दुसऱ्याने शेंड्याला धरून ओढायचं, अख्खं खळं (घरापुढचं अंगण) फिरायचं. ढोपरं सोलवटायची. माझी मुलगी मुंबईत वाढतेय, मे महिन्यात तिला विरीवर बसवलं तर पहिल्यांदा घाबरली आणि मग मला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. दोन दिवस पाठ धरली होती माझी पण तिचं ते हसणं!

जुळ्यांची_आई
सगळ्यांचं वाचतेय. छान वाटतंय आणि रडू पण येतंय. जुळे आहेत, अडीच वर्षांचे, मी घरून काम करते, नवरा फिरतीवर. मला खरंच खेळायला वेळ होत नाही. मीटिंग असली की मोबाईल देते. तुमच्यासारखं सगळं करायला हवं हे कळतं पण रात्री साडेदहाला ओटा आवरेपर्यंत अंगात काहीच उरत नाही. दुसरं खेळायला लागले की भांडतात, एकाच चमच्यावरून.

भुईचाफा
अगं, आधी एक मिठी. मी कौतुक सांगायला धागा काढला नाही गं, दोन महिने मी पण ओरडतच होते. आणि अण्णा महिन्यातून निम्मे दिवस घरी नसायचे, आमची एसटी जेमतेम अर्धा तास चालायची. मला आठवतो तो अर्धा तासच.

वडाच्यापारंब्या
जुळ्यांची आई, मी ३४ वर्षं बालवाडीत शिकवलं, आता निवृत्त. फोनवर टाइप करते आहे चुका समजून घ्या. दहा मिनिटं पुरतात. पण ती दहा मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून जमिनीवर बसायचं आणि खेळ त्यांनी सांगायचा, आपण नाही. बाकी वेळ त्यांना कंटाळा येऊ दे, कंटाळ्यातून मूल स्वतः खेळ काढतं. चमच्याच्या भांडणात न्यायाधीश होऊ नका. "दोघांनाही हाच चमचा हवाय, आता काय करायचं बरं" एवढं म्हणून थांबा. अडीच वर्षाला वाटून घेणं अजून येत नाही, तेव्हा पहिले कित्येक दिवस काही होणार नाही, दुसरा चमचा द्यावा लागेल तर द्या. पण आई ओरडली नाही हे दोघं बघत असतात.

आणि खेळण्यांना पैसे लागत नाहीत हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आत्ताच्या पालघर जिल्ह्यात) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, धाकट्या भावंडाला सांभाळायचं, शेळ्या राखायच्या, कशी येणार? मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. साधनं कुठली तर शंख शिंपले, खडे, बिया, पानं, जे आजूबाजूला पडलंय ते. पुढे १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या बाईंनी पहिल्या दिवशी मला कोसबाडची गोष्ट सांगितली आणि हातात दिलं काय, तर चिंचोक्यांनी भरलेला डबा.

पांढराकोट
वडाच्यापारंब्या, फार सुंदर. पण चिंचोके वाचून लिहायलाच हवं, मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके, मणी, शेंगदाणे, वाटाणे असलं काही देऊ नका. टॉयलेट रोलची आतली पुठ्ठ्याची नळी असते ना, त्यातून जी वस्तू आरपार जाते ती या वयात धोक्याची. नाकात काही गेलं तर पिन, चिमटा घालून उकरू नका, आणखी आत जातं, सरळ डॉक्टरांकडे न्या. आणि रिमोट, घड्याळ, आवाजाची खेळणी यातले चपटे गोल सेल! ते गिळलं असा नुसता संशय आला तरी वाट बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, अन्ननलिका आतून भाजते. घाबरवायला नाही सांगत.

मोबाईलबद्दल, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासापेक्षा जास्त बसून स्क्रीन नको, कमी तर उत्तम. वर्षाच्या आतल्यांना अजिबात नको. जुळ्यांची आई, तू मीटिंगपुरता देतेस, ठीक आहे गं, जेवताना तेवढा टाळ.

वडाच्यापारंब्या
बरोबर आहे नर्सबाई. आमच्याकडे चार वर्षांपुढची मुलं असायची आणि मी समोर बसलेली असायची, ते लिहायचं राहिलं.

चिंचेचं_बोटूक
जुळ्यांची आई, कणीक दे त्यांना. पोळ्यांची कणीक मळलीस की दोन गोळे बाजूला, एकात हळद एकात बिटाचा रस, भरपूर मीठ घाल म्हणजे तोंडात घातलं तर थुंकतील आणि दोन तीन दिवस टिकते पण. पाट दे, वाटी दे. माझ्या पोळ्या होईपर्यंत आमच्याकडे साप होतात. फक्त साप. सहा महिने झाले.

पहाटवारा
आमच्याकडे फक्त लाडू. थोडं तेल लावा, नाहीतर फरशीला चिकटते, खरवडताना जीव जातो.

मातीचीचूल
खूप वेळ लिहू की नको करत होतो.
मी मुलाला मारलं होतं. एकदाच, पण मारलं. ऑफिसचं टेन्शन होतं, त्याने लॅपटॉपवर दूध सांडलं. चार वर्षांचा होता. तो रडला आणि झोपला, सकाळी नेहमीसारखा उठला, मला वाटलं विसरला. आठवड्याने तो अस्वलाशी खेळत होता, अस्वलाला दूध पाजत होता, आणि एकदम त्याने हात उचलला आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्या आवाजात म्हणाला, कळत नाही का तुला. आणि अस्वलाला मारलं.

मी जमिनीवर बसलो. काय बोलावं सुचेना. मग अस्वलाला मांडीवर घेतलं आणि अस्वलालाच म्हटलं, दूध सांडलं तर सांडू दे, बाबांचं चुकलं, बाबांनी मारायला नको होतं, लागलं का तुला? मुलगा बघत राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, त्याला नाही लागलं, मला लागलं. तेव्हा मी त्याला सॉरी म्हटलं. तोपर्यंत म्हटलंच नव्हतं.

आता तो सात वर्षांचा आहे. राग येतो मला अजून, पण उठून गॅलरीत जातो, त्याला सांगून जातो की बाबा चिडलाय, पाच मिनिटांत येतो. परवा तो स्वतः बहिणीला तसंच सांगून गॅलरीत गेला.

भुईचाफा
लिहिलंत ते फार बरं केलंत. अस्वलाशी बोललात म्हणून तो बोलला.

जुळ्यांची_आई
मी पण परवा हात उगारला होता. थांबवला कसाबसा. धन्यवाद दादा. आणि सगळ्यांना. कणीक आज केली, पाऊण तास शांत होते, दोघांनी मिळून एकच काहीतरी केलंय, काय आहे कळत नाही, विचारलं तर एक म्हणाला हत्ती, एक म्हणाला आई. ठेवलंय फ्रिजवर.

सुकंबोंबील
हत्ती आई! वाळवून ठेव गं ते, फेकू नको.

भुईचाफा
आजची बातमी. खोक्याची मागची बाजू फाटली, चिकटपट्टी लावून लावून झाली. नवरा म्हणाला उद्या टाकूया. रात्री जेवून बघते तर पिल्लू आतच झोपलेलं, पाय बाहेर, हातात चिमटा. मी उचलून पलंगावर ठेवणार तर अण्णा म्हणाले, राहू दे, मुक्कामाची गाडी आहे, सकाळी सहाला सुटेल. आणि स्वतः सतरंजी टाकून शेजारी आडवे झाले.

पहाटवारा
सहाची गाडी चुकवू नका.

गवतीचहा
सुकंबोंबील, पोफळीची विरी पुण्यात मिळेल का कुठे? भाचा विचारतोय, त्याला सोसायटीच्या हिरवळीवर ओढायचंय.

सुकंबोंबील
पुण्यात कुठे शोधणार, आम्ही गणपतीला गावी जातोय, येताना दोन आणते गाडीवर बांधून. मोठी हवी की मध्यम?